सूज आणि बाळसे

शरीराविषयीचे जे शहाणपण मराठी भाषेत शब्दरूपाने साठून राहिले आहे, त्यात 'सूज आणि बाळसे' ही जोडी आम्हांस फार मोलाची वाटते. एखाद्याची भरभराट पोकळ आहे असे सुचवावयाचे असले म्हणजे 'ही सूज आहे, बाळसे नव्हे' असे आपण म्हणतो. व्यापारावर, राजकारणावर, क्वचित साहित्यावरही हा वाक्प्रचार आपण मोकळ्या हाताने चालवितो. परंतु तो जेथे जन्मास आला त्या जागी, म्हणजे माणसाच्या चेहऱ्यावर, तो लावून पाहण्याची सवय मात्र आपल्याला राहिलेली नाही. गुबगुबीत तोंड दिसले की ते मूल सुदृढ, तो गडी खात्यापित्या घरचा, असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. ह्या निकालाचा इतिहास पुष्कळ जुना आहे, आणि तो पाहू लागले असता मीठ, पाणी आणि माणसाचे तोंड ह्या तिहींचा संबंध हळूहळू कसा उलगडत गेला हेही दिसून येते. तो इतिहास आम्ही कोल्हापुरात बसून लिहीत आहो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण मीठ आणि पाणी यांचा विषय निघाला असता कोल्हापूरकराला त्रयस्थ राहता येत नाही.

रात्री जेवणावळीत तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या वाट्यांवर वाट्या झाल्या, वर सुके मटण, खर्डा, पापड आणि लोणचे झाले, गप्पांत मध्यरात्र उलटली, की दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात जो गृहस्थ दिसतो तो आदल्या रात्रीचा नव्हे. डोळ्यांखाली पिशव्या, पापण्या जड, गाल ओलसर कणकेसारखे. घरातले लोक म्हणतात, 'तिखट बाधले.' दुपारपर्यंत चेहरा ठिकाणावर येतो आणि रविवारी पुन्हा रस्सा होतो. ह्या निदानात मिरचीवर केवढा अन्याय होतो ते पुढे सांगू. त्याआधी आमच्या स्वतःच्या तोंडाची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

आम्ही त्या वेळी सात वर्षांचे होतो. घर शिवाजी पेठेत. पावसाळ्यात पायांवर फोड आले, पिकले, वाळले आणि विसरले गेले. त्यानंतर दोनतीन आठवड्यांनी आमचे तोंड सकाळी भरलेले दिसू लागले. मूळचे आम्ही किडकिडीत; त्यामुळे घरात आनंदीआनंद झाला. थोरल्या आत्याबाई शेजारणींना बोलावून दाखवीत, "बघा तरी, पोरगं बाळसं धराय लागलंय. दुधाचा गुण हाय." चारपाच दिवस हा कौतुकसोहळा चालला. मग एके दिवशी गल्लीतले एक वृद्ध वैद्य सहज ओट्यावर टेकले. त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिले, काही न बोलता आमची नडगी अंगठ्याने दाबून धरली, आणि अंगठा उचलला. नडगीवर खळगा तसाच राहिला. "लघवीचा रंग कसा हाय रे, बाळ?" त्यांनी विचारले. आम्ही सांगितले, काढ्यासारखा. ते आत्याबाईंकडे वळले आणि एवढेच म्हणाले, "आक्का, ही सूज हाय, बाळसं न्हवं. आजच्या आज डॉक्टरकडं न्या. आन् तोवर मिठाचा खडा सुदिक देऊ नका."

डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी घेऊन दिव्यावर धरली. नळीतल्या पातळ द्रवात अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्यासारखे काही गोठलेले आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मूत्रपिंडास दाह झाला होता. पायावरच्या फोडांतील जंतूंचा तो मागाहून आलेला प्रसाद. ह्या दुखण्यात बहुतेक मुले बरी होतात, तसे आम्हीही झालो. परंतु ज्यांच्या घरी ते बाळसे बाळसेच मानले जाते, रक्तदाब चढून झटके येईपर्यंत मानले जाते, त्यांची गोष्ट निराळी होते. तेव्हापासून गुबगुबीत मूल पाहिले की आमची नजर प्रथम त्याच्या नडगीकडे जाते.

त्या वैद्यांनी केले त्यात नवे काही नव्हते. चरकसंहितेत सूज ह्या रोगास 'शोथ' आणि 'श्वयथु' अशी नावे असून त्यावर चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहे. दाबून सोडल्यावर कोणती सूज पुन्हा भरते आणि कोणतीत खळगा राहतो, हा भेद तेथे स्पष्ट केलेला आहे. वाताची सूज दिवसा बळावते आणि दाबून सोडताच वर येते. कफाची सूज जड, स्थिर, फिकी, सावकाश येणारी व सावकाश जाणारी, दाबली असता न उचलणारी आणि रात्री बळावणारी. रात्री बळावणारी सूज सकाळी कोठे दिसेल हे सांगावयास नको. आज आपण म्हणतो की उभ्या माणसाच्या अंगातील जादा पाणी पायांकडे उतरते आणि आडव्या माणसाचे ते सर्वांगात पसरते. डोळ्यांभोवतीची त्वचा पातळ आणि खालचे ऊतक सैल, म्हणून तेथे ते आधी दिसते. हृदयाच्या रोग्याचे पाय संध्याकाळी सुजतात, मूत्रपिंडाच्या रोग्याचे डोळे सकाळी. चरकाला मूत्रपिंडाचे हे कार्य ठाऊक होते असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या ग्रंथात आधुनिक शास्त्र सापडलेच पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांनी त्या ग्रंथांचे हितापेक्षा अहितच अधिक केले आहे. पण पुष्कळ सुजलेली तोंडे निरनिराळ्या प्रहरी लक्षपूर्वक पाहिल्यावाचून 'दिवाबली' आणि 'रात्रिबली' असा भेद सुचत नाही, एवढे श्रेय त्यास दिलेच पाहिजे.

सूत्रस्थानात शोथाची कारणे मोजताना चरकाने अतिलवणभक्षण म्हणजे फार मीठ खाणे वेगळे काढून सांगितले आहे. त्याबरोबर माती खाणेही आहे. हे वाचून पंडुरोगी बायका आणि मुले त्याच्या डोळ्यांपुढे होती असे वाटते. सुजलेल्याने टाकावयाच्या पदार्थांची यादी तर कोल्हापूरकराने एकट्याने बसून वाचावी अशी आहे. गावातल्या आणि पाणथळ जागच्या जनावरांचे मांस, वाळलेल्या भाज्या, नवे धान्य, गुळाचे पदार्थ, पिठाचे पदार्थ, दही, तीळ, मद्य, आंबट, आणि दिवसा झोप! आपल्याच स्वयंपाकघराची कोणी झडती घेत आहे असे वाटावे. ह्याउलट ज्याची शिफारस केली त्यात दूध आहे. अन्नपाणी वर्ज्य करून सात दिवस किंवा महिनाभर केवळ दुधावर ठेवण्याचे उपचारही सांगितले आहेत; ते उंटिणीचे दूध असो, की गोमूत्र वा म्हशीचे मूत्र मिसळलेले असो. वनस्पतींत पुनर्नवा. ही आपल्याकडची घेटुळी, उन्हाळ्यात वाळते आणि पहिल्या पावसाबरोबर जमिनीसरशी पुन्हा फुटते. तिचे एक नावच 'शोथघ्नी' असे आहे.

मिठासंबंधी ह्याहून मार्मिक असा उतारा विमानस्थानात आहे. पिंपळी, क्षार आणि लवण ही तीन द्रव्ये फार खाऊ नयेत असे सांगून लवणाच्या अतिसेवनाने ग्लानी, शैथिल्य आणि दुर्बलता येते असे तेथे म्हटले आहे. आणि उदाहरण म्हणून बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधु व सौवीर ह्या देशांतील लोकांकडे बोट दाखविले आहे. हे लोक दुधाबरोबरही मीठ खातात, म्हणून त्यांचे मांस व रक्त शिथिल असते आणि त्यांस कष्ट सोसत नाहीत, असा ग्रंथकाराचा अभिप्राय. परप्रांतीयांच्या ताटाला नावे ठेवण्याची आपली हौस किती जुनी आहे ते ह्यावरून दिसते. परंतु 'मांस शिथिल' ह्या दोन शब्दांत सूज आणि बाळसे यांतला भेद नेमका पकडलेला आहे हेही खरे. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून मिळणारे धारोष्ण दूध पिणारे असंख्य कोल्हापूरकर आम्ही पाहिले आहेत, पण त्यात मीठ टाकणारा अद्याप आढळला नाही.

दुधातून वाचलेले मीठ मात्र आम्ही रश्शातून वसूल करतो. मीठ कोल्हापुरास फुकट किंवा सोपे असे कधीच नव्हते. ते खालून, कोकणच्या मिठागरांतून, फोंडा, आंबोली, आंबा अशा घाटांनी बैलांच्या पाठीवरून वर येई आणि वरून धान्य व गूळ खाली जाई. इंग्रजी अमलात त्यावर कर बसला. १८८८ साली तो मणास अडीच रुपये होता, १९०७ पर्यंत उतरत एक रुपयावर आला, १९१६ साली सव्वा झाला, १९२३ साली पुन्हा अडीच करून पुढच्याच वर्षी सव्वावर आणावा लागला. १९३० च्या एप्रिलात दांडीस आणि मे महिन्यात आपल्या शिरोड्यास जो सत्याग्रह झाला त्याची ही पार्श्वभूमी. कर १९४७ साली गेला. मिठासाठी देश उठविणारे गांधी मात्र दक्षिण आफ्रिकेत असतानाच, आजारी कस्तुरबांनी मीठ आणि डाळ सोडावी म्हणून स्वतः ती सोडून बसले होते. मीठ गरिबाला मिळाले पाहिजे हे जितके खरे, तितकेच ते फार खाऊ नये हेही खरे, आणि ही दोन्ही सत्ये एकाच माणसाला पेलली ही गोष्ट आम्हांस दांडीच्या कूचाइतकीच लक्षणीय वाटते.

महाग होते तोवर मीठ मोजून पडत असे. जुन्या घरांतून मिठाचा रांजण असे आणि पोरांना त्यात हात घालण्याची बंदी असे. पुष्कळ स्त्रिया आठवड्यातला एखादा वार अळणी करीत. हा 'अळणी' शब्द संस्कृत 'अलवण' ह्यापासून आलेला; मीठ नसलेले ते अळणी, ह्यात मोल्सवर्थच्या कोशापासून आजपर्यंत कोणास शंका नाही. शंका येते ती कोल्हापूरच्या खानावळीत. तेथे मटण शिजवून जे पहिले पाणी निघते, ज्यात अजून तिखट-मसाला पडलेला नाही आणि जे पोराबाळांस व आजाऱ्यांस द्यावयाचे, त्यास 'अळणी' म्हणतात. ते चाखून पाहावे. त्यात मीठ असते. कित्येकदा भरपूर असते. म्हणजे 'बिनमिठाचे' असे नाव असलेल्या पदार्थात मीठ शिरले आणि शब्दाचा अर्थ 'बिनतिखटाचे' असा फिरला! भाषेतल्या ह्या लहानशा घसरणीत आमच्या सगळ्या आहाराचा इतिहास आला आहे. जिभेला जे झोंबते तेच अपायकारक, असे आम्ही ठरवून टाकले, आणि जे झोंबत नाही ते नजरेआड झाले.

मिरचीचा खटला येथेच निकालात काढू. ही बाई आपल्याकडची नव्हे. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात गोमंतकात उतरली. त्यापूर्वी आमचे तिखट म्हणजे मिरी, आले आणि पिंपळी. तिने जिभेची आग होते, नाकाडोळ्यांतून पाणी येते, पोटात जळजळते. पण अंगात पाणी साठवून ठेवण्याचा गुण तिच्यात नाही. तो गुण तिच्या सोबत्याचा. कांदा-लसणाची चटणी वर्षभर टिकावी म्हणून तिच्यात मीठ, रस्सा तिखट झाला म्हणून चव साधावयास आणखी मीठ, आणि आग शमवावयास घेतलेल्या ताकातही चिमूटभर. शिक्षा मिरचीला होते, गुन्हेगार पांढरा असल्याने सुटतो.

ह्या पांढऱ्या गुन्हेगारास प्रत्यक्ष पकडण्याचे काम युरोपात झाले आणि त्यास पाऊणशे वर्षे लागली. लंडनच्या गाइज इस्पितळात रिचर्ड ब्राइट ह्या डॉक्टराने १८२७ साली आपल्या रोग्यांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या. सुजलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापविली असता गोठते, आणि मेल्यावर त्याची मूत्रपिंडे बिघडलेली आढळतात, असे त्याने दाखविले. आमच्या डॉक्टरांच्या हातातील नळी ही त्या चमच्याचीच नात. पुढे १८६६ साली रशियात फिलिप कारेल याने सुजेवर दुधाचा उपचार प्रसिद्धीस आणला. दिवसाकाठी थोडे थोडे करून साय काढलेले दूध, आणि दुसरे काही नाही. सूज उतरे. का उतरते हे मात्र कळेना. दुधातच काही औषधी अंश आहे असा समज राहिला.

तो समज फेर्नां विदाल ह्या फ्रेंच वैद्याने १९०३ च्या सुमारास मोडला. एकाच रोग्यास त्याने आलटून पालटून निरनिराळे आहार दिले. दूध दिले, सूज उतरली. त्याच दुधाबरोबर दररोज दहा ग्रॅम मीठ दिले, वजन चढले आणि सूज आली. मग दूध बंद करून मांस, भाकरी, बटाटे दिले, पण सगळे बिनमिठाचे. आणि त्या काळी सुजेच्या रोग्यास विष मानले जाणारे मांस खाऊनही तो रोगी उतरत गेला! गुण दुधाचा नव्हता, दुधात जे नव्हते त्याचा होता. कारेलच्या दिवसभराच्या दुधात मीठ मोजले तर ते ग्रॅमभराच्या आसपास भरते. हे वाचल्यापासून महिनाभर दुधावर ठेवणारा चरक आणि मिठाचा खडाही न देणारे आमच्या गल्लीतले वैद्य एका ओळीत बसलेले आम्हांस दिसतात. आत्याबाईंनाही येथे अर्धे श्रेय द्यावयास हवे; दुधाचा गुण आहे असे त्या म्हणत होत्या, फक्त तो गुण सुजेच्या बाजूस लावीत होत्या.

हिशेब सोपा आहे. आपल्या रक्तातले आणि रक्ताबाहेरचे पाणी समुद्राइतके नव्हे, पण खारट असते, आणि शरीर तो खारटपणा घट्ट धरून राखते. दवाखान्यात शिरेतून जे सलाइन देतात त्यात लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ असते, ते ह्याच मापाने. तेव्हा नऊ ग्रॅम जादा मीठ अंगात अडकून राहिले तर त्याच्याबरोबर लिटरभर पाणी अडकले असे समजावे. तहान लागते ती त्याचसाठी. निरोगी मूत्रपिंडे एकदोन दिवसांत हा ऐवज परत करतात. जेवणावळीनंतरच्या सकाळी आरशात दिसतो तो ह्या न परतलेल्या ठेवीचा आकडा होय. पाणी रक्तवाहिनीत का राहते आणि बाहेर का झिरपते याचे गणित लंडनच्याच अर्नेस्ट स्टार्लिंगने १८९६ साली मांडले होते. रक्तातले प्रथिन पाण्यास आत ओढते, हे त्याचे मर्म.

हे मर्म कळले म्हणजे आपल्या इतिहासातले एक भेसूर चित्रही कळते. दुष्काळात हाडे वर आलेल्या माणसाचे पाय आणि तोंड सुजते. १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारी कामावरच्या धडधाकट पुरुषास दिवसास एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे आहे, असे सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविले होते. असल्या पोटांवर जी सूज चढते तिला लांबून पाहणाऱ्याने बाळसे म्हटले तर नवल नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात छत्तीस तरुणांनी स्वखुशीने चोवीस आठवडे अर्धपोटी राहून ह्या सुजेचा अभ्यास करू दिला. आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवर सिसिली विल्यम्स ह्या बाईंनी १९३३ साली सुजलेल्या तोंडाची, पोट आलेली मुले वर्णिली. धाकटे भावंड आल्यामुळे अंगावरचे दूध तुटलेली ही मुले. त्यांच्या दुखण्याचे तेथील भाषेतले 'क्वाशिओरकोर' हे नाव बाईंनी दोन वर्षांनी वैद्यकात रूढ केले. गोल तोंडाचे ते मूल उपाशी असते, हे जगाने मान्य करण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

कोल्हापुरात सूज आणि बाळसे यांचे परीक्षक मात्र पूर्वीपासून होते, आणि ते वैद्य नव्हते. ते तालमींतले वस्ताद. शाहू महाराजांनी बांधविलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले. त्यापूर्वीपासून मोतीबाग, गंगावेश आदी तालमींत लाल मातीच्या हौद्याभोवती बसून ही मंडळी गड्याची पारख करीत. तेथे काटा नव्हता. जोड लावावयाची ती नजरेने. मान, खांदा, मांडी, आणि विशेषतः चेहरा पाहून. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून केलेली थंडाई आणि शेरांनी दूध ह्यांवर वाढलेल्या गड्याचे तोंड भरते, पण गालाचे हाड हरवत नाही. हरवले की वस्ताद भुवई चढवी. घामाने अंगातले मीठ रोज धुवून निघत असल्याने मेहनत करणाऱ्या पैलवानास खारट पचते, तेच मेहनत सोडलेल्यास पचत नाही. आखाडा सुटला आणि खुराक सुटला नाही अशा पैलवानांचे उतारवयातले चेहरे ह्या गावाने पुष्कळ पाहिले आहेत. कोणाकडे बोट न दाखविता आम्ही पुढे जातो.

काटा आला तो परदेशी कुस्तीबरोबर. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेट गटात लढून सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकीस त्याच्या वरच्या, ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. गट आले, किलो आले, आणि माणसाच्या अंगातले पाणी हा एकाएकी डावपेचाचा विषय झाला. वजनाच्या आदल्या दिवशी पाणी तोडावयाचे, गरम कपडे घालून धावावयाचे, घाम काढावयाचा, काट्यावरून उतरताच पुन्हा पाणी भरावयाचे. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात महाविद्यालयातले तीन तरुण मल्ल ह्या खटाटोपात प्राणास मुकले. २०२४ च्या ऑगस्टात पॅरिसला विनेश फोगट ५० किलोवर शंभर ग्रॅम भरली आणि अंतिम लढतीस मुकली. रात्रभर घाम काढून, केस कापूनही ते शंभर ग्रॅम उतरले नाहीत. तहानेने पिळलेले शरीर हाताला लागेल तेवढे मीठ-पाणी साठवू पाहते, त्यामुळे काट्यावर खप्पड दिसलेला चेहरा काही वेळा दुसऱ्या दिवशी सुजलेला दिसतो. वस्तादाच्या नजरेला फसविणे कठीण होते, काट्याला फसविता येते.

येथे पाण्यासंबंधी दोन टोकांचे गैरसमज सांगितले पाहिजेत. तोंड सुजते म्हणजे पाणी जास्त झाले, तेव्हा पाणी तोडावे, असे एक टोक. आणि घागरभर पाणी प्यालो की सूज धुवून निघेल, हे अलीकडचे दुसरे. निरोगी माणसाने तहानेप्रमाणे प्यावे, उन्हात आणि कष्टात अधिक प्यावे, हे पुरे. सूज धरून ठेवते ती मिठाने. मीठ कमी केले म्हणजे पाणी आपोआप वाट धरते. फळे, भाज्या, कडधान्ये, शहाळे ह्यांतले पोटॅशियम मूत्रपिंडांस मीठ बाहेर टाकण्यास साहाय्य करते. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे आहे त्यांचे पाणी, आणि शहाळेसुद्धा, डॉक्टरांनीच मोजून द्यावे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसास पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा. आमच्या देशात सरासरीने त्याच्या दीडपट ते दुप्पट पोटात जाते. जेवणावळीत तर हे माप पहिल्या पंगतीच्या अर्ध्यावरच संपते. रात्रीचे जेवण लवकर, पापड-लोणच्यांपैकी एकच, दारू नको, उशी थोडी उंच, सकाळी थंड पाण्याचा हबका आणि अर्धा तास चाल. एवढ्याने साध्या सुजेचे भागते. जी सूज चार दिवस राहते, ज्या सुजेबरोबर लघवी कमी, फेसाळ किंवा काळसर होते, धाप लागते, अथवा ओठ व जीभ एकाएकी सुजतात, तिला घरचे उपाय करीत बसू नये.

आणि एक सूज अशी आहे की ती विकत मिळते. वजन वाढविण्याच्या, अंग धरविण्याच्या नावाने ज्या बेनामी पुड्या आणि गोळ्या विकल्या जातात, त्यांत स्टेरॉइड आढळल्याची उदाहरणे वारंवार समोर आली आहेत. महिन्याभरात गाल चंद्रासारखे गोल होतात, भूक वाढते, घेणारा खूश होतो. आखाड्यात नवीन आलेल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांना हा मोह अधिक. पुडी एकाएकी बंद केली तर जिवावरही बेतते, हे विकणारा सांगत नाही. गल्लीतल्या वैद्याचा अंगठा आज ओट्याओट्यावर असता तर किती बरे झाले असते, असे अशा वेळी वाटते.

आमचे स्वतःचे अळणी सहा आठवडे चालले. पाणी फुलपात्राने मोजून मिळे. भात, दूध, साखर आणि बिनमिठाची भाकरी. वरणाकडे पाहून रडू येई. आत्याबाई आमच्याबरोबर अळणी जेवत. कोणी विचारले तर म्हणत, "माझा शुक्रवार हाय," आणि सगळेच वार शुक्रवार करून टाकीत. नडगीवरचा खळगा दिवसेंदिवस उथळ होत गेला, तोंड पुन्हा पूर्वीसारखे किडकिडीत झाले. ज्या दिवशी डॉक्टरांनी मोकळीक दिली त्या संध्याकाळी त्यांनी रांजणाचे झाकण काढले, चिमटीत चार कण घेऊन आमच्या भाकरीवर टाकले, आणि चिमटीला चिकटून राहिलेले पुन्हा रांजणात झटकले.